काचेवर कागद

बाष्पीभवनाची खूण खोटी आहे, हे भुवईनं ओल्या शर्टाच्या बाहीवरून सिद्ध केलं तेव्हा ती आठवीत होती.

भुवई हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. कर्णबधिर मुलांच्या शाळेत हाका मारून उपयोग नसतो, म्हणून प्रत्येकाला एक खुणेचं नाव मिळतं, आणि ते बहुधा त्याच्या खोडीवरूनच मिळतं. हिला काही पटलं नाही की हिची डावी भुवई वर जायची. वर्गानं डाव्या भुवईला बोट लावलं आणि नाव कायमचं चिकटलं. तसेच टिचकी, ढांग्या आणि खळी. विज्ञानाच्या बाई सदानकदा चिमट्यात परीक्षानळी धरून फिरत, त्यांचं नाव चिमटा. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कमरेला किल्ल्या खोवत, त्यांचं नाव जुडगा. त्यांना हे नाव ठाऊक नव्हतं. शाळा चालवता चालवता त्यांचे केस पिकले, पण खुणा काही त्या शिकल्या नाहीत.

तर बाष्पीभवन. आई, पाणी, भूक, पाऊस या शब्दांना खुणा असतात, त्या सगळ्यांना येतात. पण पेशी, द्रावण, घर्षण, विदारण यांना कोण खूण देणार? पाठ्यपुस्तक उघडावं तर पानापानावर असले शब्द. मग चिमट्याबाईंनी वर्गालाच कामाला लावलं. आधी प्रयोग करायचा, मग खूण सुचवायची, मग भांडायचं, आणि सगळ्यांना पटली तरच ती खूण वर्गाची. त्यांची अट एकच. "सुंदर नसली तरी चालेल, पण खोटी नको."

बाष्पीभवनाची पहिली खूण किटलीवरून आली होती. पाचही बोटं खालून बुडबुड्यांसारखी उसळत वर न्यायची. दिसायला झकास. पण उकळण्याचीही खूण जवळपास तीच. त्यामुळे दोन वर्षं भुवईची अशी पक्की समजूत होती की दोरीवरचे कपडे उकळतात. अगदी मंद, पण उकळतात. तिच्या आईचं कपडे धुऊन इस्त्री करून द्यायचं दुकान. मागच्या अंगणात चादरींच्या रांगा. भुवई वाळत घातलेल्या कपड्यांना, भाजेल म्हणून, चिमटीनं धरायची, आणि आई म्हणायची, "काय गं, साप आहे का तो?"

एक दिवस तिनं शाळेतला तापमापक मागून आणला आणि ओल्या बाहीत गुंडाळला. पारा चढायच्या ऐवजी उतरला. हवेपेक्षाही खाली. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन तिनं बाकावर थाप मारली आणि सांगितलं, "आपली खूण खोटं बोलते!" त्यावर ढांग्या आणि ती हातघाईवर आले, टिचकीनं मध्यस्थी केली, आणि अखेरीस नवी खूण ठरली. एक तळहात पालथा, आणि त्याच्यावर टेकलेली दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून, गाजावाजा न करता, वरच्या वर निघून जाताहेत. तळातून काही उसळत नाही. घाई कुणाला नाही.

अशा भांडून कमावलेल्या खुणांचा मोठा साठा घेऊन वर्ग दहावीला पोचला, आणि तिथं तोंडी परीक्षा आडवी आली.

विज्ञानाची लेखी परीक्षा वेगळी, तोंडी वेगळी. तोंडी वीस गुणांची. बाहेरून परीक्षक येतात आणि प्रश्न विचारतात. तोंडी म्हणजे तोंडी, लिहून दिलेलं चालत नाही. या शाळेत त्यावर एक तोडगा फार वर्षांपासून चालत आला होता. मोठ्या बाई प्रत्येकाला पाच शब्द नेमून देत. मग बोलायला शिकवणाऱ्या बाई त्या मुलाला आरशापुढे, मेणबत्तीसमोर बसवत. 'प' म्हटला की ज्योत हलली पाहिजे, 'भ' म्हटला की जोरात हलली पाहिजे. महिनाभर ज्योती हलवल्यावर मूल परीक्षकांपुढे उभं राहायचं. परीक्षक चुंबक दाखवायचे, मूल घशातून ओढून "चुं-बत" असं काहीतरी म्हणायचं, परीक्षकांचे डोळे भरून यायचे, आणि कागदावर अठरा गुण पडायचे. दरवर्षी, झाडून सगळ्यांना अठरा. चुंबक लोखंडाला का ओढतो, लाकडाला का नाही, हे कुणी कुणाला विचारत नसे.

वेणीलाही अठराच मिळाले होते. वेणी भुवईच्या एक वर्ष पुढं, वर्गातली सगळ्यात हुशार. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होण्यासाठी एक प्रशिक्षण असतं, तिथं तिनं अर्ज केला. निवड करणाऱ्या साहेबांनी गुणपत्रिका पाहिली आणि हसून वेणीच्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या शाळेत अठरा सगळ्यांनाच असतात हो." जागा तेरा गुणांच्या एका ऐकू येणाऱ्या मुलाला गेली. वेणी आता औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते.

भुवईला तीच जागा हवी होती. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब पाहिल्यापासून तिला दुसरं काही नकोच होतं. आणि अठरा गुण घेतले तर ती जागा मिळणार नाही, हे तिला दोन अधिक दोन इतकं स्वच्छ दिसत होतं.

म्हणून मेणबत्तीसमोर बसायची तिची पाळी आली, तेव्हा तिनं फुंकर मारून ती विझवली.

मोठ्या बाईंनी तिला आणि विज्ञानाच्या बाईंना खोलीत बोलावून घेतलं. चिमट्याबाई भुवईच्या खुणा बोलून दाखवत होत्या.

"ती म्हणते, ती तोंडानं शब्द म्हणणार नाही. खुणांनी उत्तरं देईल. आणि ऐकू येणाऱ्या मुलांना विचारतात तेच प्रश्न तिला हवेत."

"हे तिच्या डोक्यातलं की तुमच्या?" मोठ्या बाईंनी विचारलं.

बाईंनी तेही भुवईला हातांनी सांगितलं. तिची डावी भुवई वर गेली.

"ती म्हणते, माझं डोकं मी स्वतः वापरते, उसनं देत नाही."

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" मोठ्या बाई म्हणाल्या, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन जरा ओशाळल्या. "हे बघ पोरी. परीक्षक खुणा ओळखत नाहीत. नियमात त्या बसत नाहीत. शून्य देतील. नापास झालीस तर वर्ष गेलं. आणि तुझ्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय? परीक्षक एकदा बिथरले की सगळ्यांना भोवेल. पाच शब्द आहेत गं. पाच! म्हण आणि मोकळी हो."

"वेणी म्हणाली होती," भुवईचे हात म्हणाले. "ती झाली का मोकळी?"

मोठ्या बाई किल्ल्या कमरेला खोवत उठल्या. त्यांनी एवढंच सांगितलं, की परीक्षेच्या खोलीत विषयशिक्षिकेला प्रवेश नाही, बाहेरून दुभाषी बाई येतील, आणि त्यांना फक्त रोजच्या खुणा येतात. "मग बघ बाई तुझं तू."

घरी दादानं त्याच्या परीनं समजावलं. दादा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा, फ्रीज दुरुस्त करायचा. त्याला खुणा येत, पण त्या घरगुती. त्यात भरीला तोंडही चालायचं आणि हात लांबलांब फेकायची सवय, म्हणून तो बोलत असला की जेवणाच्या टेबलावरची भांडी सरकवून ठेवावी लागत.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," तो म्हणाला. "फुकट अठरा मिळताहेत तर घ्यायचे. गिऱ्हाईक जास्तीचं देतं तेव्हा मी नको म्हणतो का?"

"तू फ्रीज दुरुस्त करतोस," भुवई म्हणाली. "गिऱ्हाईकानं फ्रीज न उघडताच 'वा, काय छान केलंस' म्हटलं आणि पैसे दिले, आणि पुन्हा कधीच बोलावलं नाही, तर?"

दादाचे हात हवेतच थांबले.

"बोल ना," आई म्हणाली. "आता का तुझी दातखीळ बसली?"

"आई, तू हिच्या बाजूची का?"

"मी कुणाच्या बाजूची नाही. मला भीती वाटते." आईनं इस्त्रीनं चटके बसलेली बोटं पदराला पुसली आणि मग लेकीकडं वळून सावकाश खुणा केल्या. तिच्या खुणा मोडक्यातोडक्या असत, पण लेकीशी ती कधी दुसऱ्याच्या हातांनी बोलत नसे. "शून्य आलं तर रडायचं नाही. दुकानात यायचं, कपड्यांच्या घड्या घालायच्या, पुढच्या वर्षी परत बसायचं. चालेल?"

"चालेल."

"मग जा. पण तोंड धुऊन जा. त्याच्यातून शब्द काढायचा नसला तरी."

परीक्षेची खोली म्हणजे प्रयोगशाळाच. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती, आणि बाहेरच्या बाकावर टिचकी, ढांग्या, खळी आपापल्या पाळीची वाट पाहत होते. परीक्षक एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे गृहस्थ. आवाज मऊ, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. शेजारी दुभाषी बाई. मोठ्या बाई कोपऱ्यात, किल्ल्यांशी चाळा करत.

परीक्षकांनी टेबलावरचं भिंग उचललं आणि कौतुकानं तिच्यापुढं धरलं. "हे काय आहे, बाळ?"

दुभाषी बाईंनी खूण केली. भुवईनं भिंगाकडं पाहिलंसुद्धा नाही. टेबलावर प्रश्नांचे कागद पालथे ठेवले होते. तिनं त्यांच्याकडं बोट दाखवलं आणि मग स्वतःकडं.

"तिला ते प्रश्न हवेत," दुभाषी बाई म्हणाल्या.

"ते... ते अवघड आहेत." परीक्षकांनी मोठ्या बाईंकडं पाहिलं. मोठ्या बाईंनी छताकडं. "बरं. खडकाचं विदारण आणि मातीची धूप, यांत काय फरक?"

प्रश्न कळायला थोडा वेळ लागला, कारण दुभाषी बाईंना दोन्ही शब्द अक्षर अक्षर करून बोटांनी लिहावे लागले. पण कळला मात्र, आणि भुवई सुरू झाली. मूठ म्हणजे खडक. दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या फटीत शिरतात, पाणी होऊन शिरतात, गोठून फुगतात, मूठ जागच्या जागी फुटते, चुरा तिथंच पडतो. हे विदारण. मग तोच चुरा सपाट तळहात, वाहतं पाणी होऊन, पुढं पुढं ढकलत नेतो, उतारावरून, दूर, आणि दुसरीकडं नेऊन टाकतो. ही धूप. फुटणं वेगळं, वाहून जाणं वेगळं. तिनं दोन्ही पुन्हा शेजारी शेजारी करून दाखवलं.

"ती मुठीला... कापतेय? नाही, फोडतेय. मग पुसतेय..." दुभाषी बाईंनी हात टेकले. "सर, खरं सांगते, या खुणा मला येत नाहीत."

"मला तरी कुठं कळतंय? हे हातवारे आहेत. यांना मी गुण कसे देऊ?" परीक्षक पुढं झुकले. त्यांना राग आला नव्हता, उलट कणव आली होती. "बाळ, एक शब्द म्हण. कुठलाही. 'माती' म्हण. अठरा देऊन टाकतो, आणि जा घरी."

दुभाषी बाईंनी हे नीट सांगितलं. भुवईनं ओठ मिटले आणि खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरून बसली. उठवायचं तर खुर्चीसकट उठवावं लागलं असतं.

"अहो, ऐक गं," मोठ्या बाई कोपऱ्यातून म्हणाल्या. घाबरल्या की त्या अशाच 'अहो' आणि 'गं' दोन्ही एकदम बोलत.

तेवढ्यात परीक्षकांची नजर दाराकडं गेली. काचेपलीकडं वादळ उठलं होतं. टिचकी रागारागानं हवेत हात फिरवत होती. ढांग्या मान हलवून मूठ फोडून दाखवत होता. खळी भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून, तळहात पुढं पुढं ढकलत होती, पाठांतर करावं तसं.

"ही मुलं काय करताहेत?"

दुभाषी बाईंनी वळून पाहिलं. त्या प्रामाणिक बाई होत्या. "वाद घालताहेत, सर. पाणी, वारा या खुणा मला येतात. हिनं धूप सांगताना फक्त पाणी दाखवलं, वारा राहिला, असं ती मुलगी म्हणतेय. तो मुलगा म्हणतोय, राहू दे, मुद्दा आला."

"म्हणजे उत्तर बाहेर गेलं?" परीक्षक ताडकन उठले. "आता हेच प्रश्न मला पुढच्यांनाही विचारावे लागतील! ती शेवटची मुलगी तर पाठ करतेय! ही सरळ सरळ कॉपी आहे!"

मोठ्या बाई धावत जाऊन जुनं वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी घेऊन आल्या. परीक्षकांनी स्वतःच्या हातानं काचेवर कागद लावला. चारही कडा दाबल्या. एक कोपरा उचलला जात होता, तोही अंगठ्यानं घासून बसवला. बाहेरचे हात दिसेनासे झाले.

ते वळले तोवर दुभाषी बाईंनी भुवईला त्यांचं सगळं बोलणं सांगितलं होतं, आणि तिनं खुर्ची सोडली होती. तिनं टेबलावर दोनदा टकटक केली आणि एक लहानशी, कुणालाही येईल अशी खूण केली.

"ती विचारतेय," दुभाषी बाई म्हणाल्या, "कशाची कॉपी?"

"उत्तराची!"

"ती म्हणतेय, कुठलं उत्तर? मी तर हातवारे केले."

परीक्षकांनी काचेवरच्या कागदाकडं पाहिलं, मग आपल्या अंगठ्याला लागलेल्या छापखान्याच्या शाईकडं. मग ते खाली बसले आणि त्यांनी कपाळ चोळलं, तेव्हा ती शाई कपाळालाही लागली.

"तुमच्या विज्ञानाच्या बाईंना बोलवा," ते मोठ्या बाईंना म्हणाले.

"सर, नियमात—"

"नियमात काचेवर कागदही नव्हता. बोलवा. आणि त्यांना सांगा, त्यांनी फक्त ही मुलगी म्हणेल ते बोलायचं. सुचवायचं नाही. त्यांचे हात मला दिसता कामा नयेत. प्रश्न या दुसऱ्या बाई सांगतील."

चिमट्याबाई आल्या आणि दोन्ही हात मांडीखाली घालून, त्यांच्यावर बसल्या. त्यांची मुद्रा अशी, की कुणी त्यांचं तोंडच बांधलंय. "विदारणाचं पुन्हा सांगेल ती?" परीक्षकांनी विचारलं. भुवईनं पुन्हा सांगितलं. बाईंनी सपाट आवाजात, एक शब्द इकडचा तिकडं न करता, बोलून दाखवलं. परीक्षक ऐकत होते बाईंना, पण बघत होते मुठीकडं. मूठ फुटली तेव्हा त्यांची मान आपोआप हलली.

"वारा राहिला," ते म्हणाले. "अर्धा गुण गेला."

भुवईनं तक्रार केली नाही. टिचकी बरोबर होती.

मग घर्षण आलं. मग परासरण. भुवईनं दोन्ही हातांच्या बोटांचं पटल केलं, बोटं किंचित फाकवली, आणि बाईंनी सांगितलं की पाण्याचा कण यातून जातो, साखरेचा अडतो, म्हणून पाणी दाट द्रावणाकडं जातं आणि मनुका फुगतो. परीक्षकांनी खोडा घातला. "आणि तोच मनुका मिठाच्या घट्ट द्रावणात टाकला तर?" ती थांबली, विचार केला, आणि पटलातून पाणी आतून बाहेरच्या बाजूला झिरपवलं. "आहे ते पाणीही जाईल," बाई म्हणाल्या. परीक्षकांचा मऊ आवाज एव्हाना गेला होता. ते वर्गात विचारतात तसे भराभर, जरा खेकसूनच विचारायला लागले होते, आणि भुवईला ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं आणि फार आवडलं.

"उत्प्रेरक म्हणजे काय?"

तिनं दोन वस्तूंना जवळ ढकलणारा हात दाखवला. ढकलून ढकलून तो हात दमला आणि खाली पडला.

"अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज किंचित अडखळला. पण तिनं जे म्हटलं होतं तेच त्यांनी म्हटलं. "असं करताना तो हळूहळू संपतो."

"संपतो?"

भुवईनं बाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तिथं काही सापडलं नाही, कारण बाई छताकडं बघत होत्या. "संपतो," तिनं ठासून सांगितलं.

"चूक. शेवटी तो जेवढा होता तेवढाच उरतो. पूर्ण गुण गेला."

तिची भुवई वर गेली. ती वाद घालायला निघाली. हात एवढं ढकलणार आणि दमणार नाही, असं कसं? परीक्षकांनीही तिच्याशी वाद घातला, दाराची बिजागरी सांगितली, दार हजारदा उघडलं तरी बिजागरी दारात मिसळत नाही म्हणाले. मग ती म्हणाली बिजागरीही झिजते, आणि ते म्हणाले उदाहरणाला झिजवू नकोस, नियम ऐक. बाहेर पुढच्यांची पाळी खोळंबली होती.

शेवटी त्यांनी गुण मांडले. या शाळेच्या कागदावर आजवर एकच आकडा पडत आला होता. आज प्रत्येक प्रश्नापुढं वेगळा पडला, कुठं पूर्ण, कुठं अर्धा, कुठं शून्य. खाली बेरीज चौदा, आणि त्याखाली दोन ओळी, की परीक्षा खुणांच्या भाषेत पूर्ण घेतली. त्यांनी सही केली.

बाहेर येताच मोठ्या बाईंनी तिला गाठलं. विज्ञानाच्या बाई आतच हातांवर बसून राहिल्या होत्या, म्हणून मोठ्या बाईंना बोटांनीच आकडे दाखवावे लागले. अठरा. मग चौदा. मग कपाळावर हात.

भुवईनं नकारार्थी मान हलवली. हवेत अठरा काढून मोठ्या बाईंकडं दाखवलं: ते तुमचे. मग हवेत चौदा काढून स्वतःच्या छातीवर हात ठेवला. खुणा न शिकलेल्या बाईंनाही ते समजलं.

"खळी," मोठ्या बाई मग पुढच्या मुलीकडं वळल्या आणि ओठांची मोठी हालचाल करत म्हणाल्या, "तू तरी म्हण गं 'चुंबक'. तुझा छान येतो."

त्यांनी तिला कागदोपत्री नाव सोडून त्या खुणेच्या नावानं कशी हाक मारली, हे त्यांचं त्यांनाही उमगलं नाही. खळीनं त्यांच्याकडं पाहून गोड हसून घेतलं, मग ओठ मिटले आणि आत गेली.

दार लागलं. कागदामुळं आतलं काही दिसेना. टिचकी आणि ढांग्या भुवईभोवती गोळा झाले. काय काय विचारलं? अवघड आहे का? उत्प्रेरक आला का? पटकन सांग, आता माझीच पाळी!

भुवईनं दोघांकडं पाहिलं, आणि दोन्ही हात खिशात घातले.